लेनवर्थची खोली

आयव्हरीन मलिंग्जने आपल्या मुलाची खोली उलटीपालटी करू दिली नाही, ही गोष्ट फालमाउथच्या मार्केट स्ट्रीटवर अजूनही निघते. निघाली की बायका आधी "जाऊ दे बाई, आपल्याला काय करायचंय" म्हणतात आणि मग खुर्ची ओढून पहिल्यापासून सांगायला बसतात.

आमच्या बेटावर माणूस गेला की त्याच्या अंगणात नऊ रात्री मंडळी जमतात. मासे तळले जातात, रम फिरते, डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटतात, चर्चची गाणी होतात. नवव्या रात्री त्याला निरोप द्यायचा, आणि निरोप म्हणजे नुसतं तोंडाने बोलणं नव्हे. त्याची खोली बदलायची. पलंग दुसऱ्या भिंतीला लावायचा, गादी उलटी करायची, कपाटाचं तोंड फिरवायचं, आरशावर चादर टाकायची. गेलेला माणूस सवयीने घरी येतो. खोली ओळखू आली नाही की त्याला कळतं, आपलं इथलं संपलं. मग तो गपचूप आपल्या वाटेला लागतो. हे न करणं म्हणजे त्याला धड इकडे ना तिकडे असं लोंबकळत ठेवणं.

लेनवर्थ, आयव्हरीनचा एकुलता एक, समुद्रात गेला. शेवंडं आणि शंख काढणारा पोरगा, पाण्यात उतरला की माशासारखा. मोठ्या प्रवासी जहाजांसाठी फालमाउथची खाडी खोल खणली गेली, तेव्हापासून किनाऱ्याजवळचा मासा पळाला होता. पोरं लांब लांब जायला लागली होती. लेनवर्थ एका सकाळी गेला, त्याची होडी मिळाली, तो मिळाला नाही. कोळ्यांनी शोधलं, तटरक्षकांनी शोधलं, मग सगळ्यांनी हात टेकले. देह नाही म्हणून दफन नाही. नऊ रात्री मात्र झाल्या.

नवव्या रात्री तिची नणंद व्हर्लीन बाह्या सरसावून जिना चढली. मागे आणखी दोघी. आयव्हरीन दारात उभी.

"आयव्ही, बाजूला हो. पलंग हलवू दे."

"ज्याला पलंग हलवायचाय त्याने आधी मला हलवावं."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुझ्या भावाला दोन हात जमीन मिळाली, व्हर्लीन. त्याच्यावर मी फुलं ठेवते. ह्याला काय मिळालं? त्याने यायचं म्हटलं तर ह्या जगात एवढी एकच जागा आहे."

"म्हणजे त्याने दारात घुटमळत राहावं, असं तुला वाटतं? आई आहेस की कोण आहेस तू?"

"घुटमळेल नाही तर आत येईल. त्याचं घर आहे. तुला भीती वाटत असेल तर तू येऊ नकोस."

व्हर्लीन रागाने लाल झाली, खाली जाऊन तिने सगळ्यांसमोर सांगितलं की ह्या घरात मी पाण्याचा घोटही घेणार नाही. मग तिने रमचा घोट घेतला, कारण ते पाणी नव्हतं. पण खोली तशीच राहिली. पलंग खिडकीशी, त्याच्या पायाशी पोहताना पायात चढवायचे रबरी पंखे, खुंटीवर निळा सदरा, भिंतीवर क्रिकेटच्या संघाचं चित्र. आयव्हरीन रोज झाडायची आणि प्रत्येक वस्तू उचलून पुन्हा जिथल्या तिथे ठेवायची. बुधवारच्या बाजारात ती तळलेले मासे आणि बॅमी विकायची, कसाव्याची ती जाड भाकरी तिच्या हातची असली की लोक रांग लावायचे. पण संध्याकाळ झाली की ती दुकान आवरून घाईने घरी. कोणी पाहुणा यायचा असावा अशी.

आता ह्या घराविषयी सांगायला हवं. खाली दगड, वर लाकूड, पुढे खांबांचा सोपा. कोणा साखरेच्या व्यापाऱ्याने बांधलेलं. ह्या गावाला एकेकाळी पैशाचा माज होता. बंदरात साखर आणि रम भरायला जहाजांची रीघ लागायची. न्यूयॉर्कच्या आधी आमच्याकडे नळाचं पाणी आलं, हे इथलं शाळकरी पोरही छाती काढून सांगतं. ती साखर कोणाच्या पाठीतून निघत होती हे सांगताना मात्र छाती आपोआप आत जाते. मग गुलामी संपली, साखर बसली, आगबोटी मोठ्या झाल्या आणि आमचं बंदर उथळ ठरलं. पैसेवाले निघून गेले, घरं मागे राहिली. नवं बांधायची कोणाची ऐपत नव्हती, म्हणून जुनं टिकलं. आता त्या दारिद्र्यालाच वारसा म्हणतात आणि लोक त्याचे फोटो काढतात.

जहाजं यायला लागली तेव्हा वाटलं होतं, गावाचे दिवस पालटले. चर्चच्या मनोऱ्यापेक्षा उंच जहाज सकाळी दारात उभं, म्हणजे काय! पण उतारूंसाठी धक्क्यावरच कुंपण घालून वेगळा बाजार केला. ते तिथे टोप्या घेतात, मग बसमध्ये बसून धबधबा बघायला जातात आणि संध्याकाळी परत जहाजावर. आमच्या वाट्याला जहाजाची सावली. व्हर्लीन बाजारात जमिनीवर कपडे मांडून बसायची, ती म्हणायची, "एवढी माणसं आली आणि एकाला चड्डी लागू नये?"

तर त्या उतारूंना गावात आणायचं म्हणून किंग्स्टनच्या एका कंपनीने मार्केट स्ट्रीटवरची काही घरं विकत घेतली. आयव्हरीनच्या घराचे मालक मायामीत. तीन पिढ्या मलिंग्ज मंडळींनी त्या घराची गळती बुजवली, वाळवी मारली. मालकांच्या नातवंडांनी ते घर कधी डोळ्यांनीही न बघता विकलं. आयव्हरीन भाडेकरू, तिला तोंड उघडायला जागा नव्हती. सामान काढायला आलेल्या पोरांना ती फक्त एवढंच म्हणाली, "ह्या खोलीतलं शेवटी काढा." त्यांनी शेवटी काढलं. त्यात फरक काय पडणार होता, ते तिलाही माहीत होतं.

ती गावाबाहेरच्या वसाहतीत व्हर्लीनकडे राहायला गेली. नणंदेने घरात घेतलं आणि रोज ऐकवलंही. सकाळी हिरवी केळी आणि खारवलेला मासा तिच्यापुढे ठेवत म्हणायची, "खा. तुझ्या हट्टापायी तो पोरगा उपाशी फिरतोय, तू तरी खा."

कंपनीचा व्यवस्थापक मिस्टर पिनॉक, तिशीतला, नेहमी इस्त्रीच्या कपड्यांत, गोड बोलणारा. तो एक दिवस आयव्हरीनला शोधत आला.

"मिस आयव्ही, घर तयार झालंय. आम्हाला तिथे गावातलंच कोणीतरी हवंय. तुमच्याइतकं ते घर कोणाला ठाऊक आहे? पाहुण्यांना वरच्या खोल्या दाखवायच्या, चार शब्द सांगायचे. बस्स."

"वरच्या खोल्या?"

"हो, वरच्याच."

आतून व्हर्लीन ओरडली, "जाऊ नकोस, आयव्ही! आपल्याच घरात मोलकरीण म्हणून जातेस की काय?" पण आयव्हरीनने वरच्या खोल्या एवढंच ऐकलं होतं. ती हो म्हणाली.

पहिल्या दिवशी जिना चढून ती लेनवर्थच्या खोलीत गेली आणि तिला वाटलं, आपण चुकलो. पुन्हा बाहेर आली, दारं मोजल्यासारखी बघितली, पुन्हा आत गेली. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली होती. जुनी बुजवलेली खिडकी उघडली होती आणि लेनवर्थची खिडकी, जिच्यातून तो समुद्राचा रंग बघून होडी काढायची की नाही ते ठरवायचा, ती बुजवली होती. उंच खांबांचा मच्छरदाणीचा पलंग, पिवळ्या भिंती, चिनी मातीचं भांडं, सोनेरी चौकटीचा आरसा. ज्या रात्री तिने एक पलंग हलवू दिला नव्हता, त्या रात्रीचं सगळं उट्टं कंपनीने काढलं होतं. तिला उभ्या उभ्या घाम फुटला. हे बघून लेनवर्थ दारातूनच परत गेला असेल.

पण तिने स्वतःची समजूत घातली. खोली बदलली असेल, मी तर तीच आहे ना? मी इथे उभी राहीन. मला बघून ओळखेल.

मग पिनॉकने तिच्या हातात लांब झगा, पांढरा एप्रन आणि डोक्याला बांधायचं चौकड्याचं फडकं ठेवलं. पाहुण्यांसमोर तिचं नाव बेसी. आणि पाठ करायला गोष्ट दिली. ही खोली म्हणजे व्यापाऱ्याच्या नव्या नवरीची, मिस शार्लटची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती तापाने गेली. शोकाकुल नवऱ्याने तिची खोली जशीच्या तशी ठेवली, म्हणून रोज संध्याकाळी ती इथे येऊन आरशासमोर केस विंचरते.

"ही शार्लट कोण?" आयव्हरीनने विचारलं.

"तशी कोणी नाही," पिनॉक हसला. "पण भुताशिवाय जुनं घर म्हणजे मिठाशिवाय जेवण, मिस आयव्ही. पाहुणे पहिला प्रश्न तोच विचारतात."

आयव्हरीनने झग्याची घडी मोडली. मनात मात्र कडू कडू झालं. जी कधी जन्मालाच आली नाही त्या गोऱ्या पोरीने परत यावं म्हणून एवढा पलंग, एवढा आरसा, एवढी मच्छरदाणी. आणि ज्याला मी ह्या भिंतींच्या आत जन्म दिला, त्याच्यासाठी खुंटीही शिल्लक ठेवली नाही.

तरी ती सांगत राहिली. जहाज आलं की झगा चढवायचा, शार्लटला बोलवायचं, जहाज गेलं की झगा काढायचा. रिकाम्या वेळात ती जुन्या खिडकीच्या जागी, बुजवलेल्या भिंतीशी उभी राहायची. पिनॉकला वाटायचं, बाई दमली.

एके दिवशी एका पाहुण्या बाईने विचारलं, "एवढीच एक येते का इथे? आणखी कोणी नाही?"

रोजची हसरी बेसी त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे. आयव्हरीन म्हणाली, "शार्लट बिर्लट कोणी येत नाही, बाई. यायचा तर माझा मुलगा. लेनवर्थ त्याचं नाव. शेवंडं धरायला गेला तो आलाच नाही. ही त्याची खोली. तिथे त्याचा पलंग होता, तिथे त्याचा सदरा. मी कोणाला हात लावू दिला नाही, पण ह्यांनी सगळं उपटून काढलं. आता तो आला तरी त्याला कसं कळायचं, सांगा तुम्ही."

पाहुण्या बाईने डोळे पुसले, एकाने तिचा हात हातात घेतला. कोणी एप्रनच्या खिशात नोट सरकवली, तेही तिला कळलं नाही. झालं, नोकरी गेली, असं म्हणत ती खाली उतरली.

पिनॉक जिन्याशीच उभा होता. "मिस आयव्ही! काय बोललात तुम्ही! लोक बाहेर येऊन त्याच्याविषयीच बोलताहेत. शार्लटला कोणी विचारत नाही. हे रोज सांगाल?"

"रोज?"

"रोज. त्याच खोलीत. त्याच्या नावाने."

त्याच्या खोलीत रोज त्याचं नाव घेतलं जाणार. आयव्हरीनला वाटलं, हे तर देवानेच पाठवलं. रोज हाक मारली तर कधीतरी त्याच्या कानावर पडेल. ती घरी आली तेव्हा किती दिवसांनी तिने स्वतःहून मासे तळले. व्हर्लीन तोंडात घास घेऊन म्हणाली, "तमाशा मांडलास पोराचा." पण मासे तिने दोनदा घेतले.

काही आठवडे तसंच चाललं. मग पिनॉक म्हणाला, "एक लहानशी अडचण आहे. घर आपण जुन्या काळचं दाखवतो, आणि तुमच्या गोष्टीत मोटरची होडी येते. पाहुणे गोंधळतात. शिडाची करू या?"

शिडाची केली. होडी ती होडी, त्यात काय बिघडलं.

पुढे त्याला वाटलं, कोळी नको, व्यापाऱ्याच्या घरातला गुलाम पोरगा बरा. आणि गुलामाचं नाव लेनवर्थ कसं असेल? टोबी ठेवू या.

"नाव नाही बदलायचं," आयव्हरीन म्हणाली.

"मिस आयव्ही, टोबी म्हणजे तुमचा मुलगा नव्हेच. नुसती गोष्ट आहे. तुम्ही मनात कोणाला धरता तो तुमचा प्रश्न. आणि जमत नसेल तर राहू द्या, ती खालच्या गल्लीतली पोरगी कधीची मागे लागलीय."

दुसरी कोणी त्या खोलीत उभी राहून दुसऱ्याच कोणाला बोलावणार. आयव्हरीनने डोक्याचं फडकं पुन्हा घट्ट बांधलं. मनात लेनवर्थ, तोंडात टोबी, एवढं तर मला जमेल, असं तिने ठरवलं.

मग टोबी शार्लटच्या प्रेमात पडला. ह्यावर ती खवळली. "माझा पोरगा त्या फिकट पोरीच्या मागे लागायला खुळा होता का? त्याला क्लार्क्स टाउनची मर्सी आवडायची. चांगली भरलेली, काळीसावळी, खिदळणारी!"

पिनॉक मनापासून हसला, म्हणाला, "पण मर्सी आमच्या पलंगात बसत नाही ना." आणि टोबी शार्लटच्याच प्रेमात पडला. तिच्यासाठी मोती आणायला म्हणून तो वादळात पाण्यात उतरला.

आयव्हरीन चांगली सांगायची. मोती आणायला गेला, इथे थांबायचं. आरशाकडे बघायचं. मग हळू आवाजात, "अजून तो ओल्या पावलांनी जिना चढतो." इथे कोणीतरी हमखास श्वास ओढायचं. कुठे थांबलं की बाया डोळे पुसतात, हे तिला पाठ झालं होतं, आणि एखाद दिवशी कोणी पुसले नाहीत तर तिला चुकल्यासारखं वाटायचं. पहिल्यांदा सांगताना तिचा घसा दाटला होता, तो कधीपासून दाटेनासा झाला, ते तिच्या ध्यानातही आलं नाही. बुजवलेल्या भिंतीशी उभं राहणंही सुटलं. रिकाम्या वेळात ती खुर्चीवर बसून पाय चोळायची. व्हर्लीनने एकदा खोचकपणे विचारलं, "मग? येतो का?" आयव्हरीन म्हणाली, "आज दोन जहाजं होती, आता बोलायचं त्राण नाही." आणि झोपून गेली.

आमच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये वर्षातून एका रविवारी, समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसांची नावं घेतात. ज्यांच्या नावाचा दगड कुठेच नाही, त्यांचं नाव निदान तेवढ्या एका दिवशी मोठ्याने म्हटलं जावं म्हणून. पास्टर काही बोलत नाही. घरचं माणूस उभं राहतं, नाव उच्चारतं, सगळं चर्च ते नाव पुन्हा म्हणतं, मग पुढचं माणूस उठतं. म्हातारे कोळी, त्यांच्या विधवा, काठ्या टेकत उठतात. ज्यांचा माणूस जाऊन अर्धं आयुष्य झालंय, त्यांचाही आवाज त्या वेळी कापतो.

आयव्हरीन हॅट घालून, पांढरे हातमोजे घालून व्हर्लीनच्या शेजारी बसली होती. गेल्या वर्षी तिच्या तोंडून नाव फुटलं नव्हतं, व्हर्लीननेच घेतलं होतं. ह्या वर्षी ती आठवडाभर म्हणत होती, मी घेणार, माझं मी घेणार.

पाळी आली. ती उठली. ताठ उभी राहिली, थोडं थांबली, समोर कुठेतरी नजर लावली आणि स्वच्छ, न कापणाऱ्या आवाजात म्हणाली, "टोबी."

पुढच्या बाकांवरच्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी सवयीने "टोबी" म्हटलंही. मग ते थांबले. कोणी वळून बघितलं. आयव्हरीन उभीच होती. लोक का बघताहेत ते तिला कळत नव्हतं, आणि ते तिच्या तोंडावर सगळ्यांना दिसत होतं.

व्हर्लीन शेजारून उठली. तिने वहिनीचं कोपर धरलं आणि भरल्या आवाजात म्हणाली, "लेनवर्थ. लेनवर्थ अलेक्झांडर मलिंग्ज."

"लेनवर्थ अलेक्झांडर मलिंग्ज," सगळं चर्च म्हणालं. तेव्हा आयव्हरीनला कळलं. ती खाली बसली. रडली नाही. हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि पुढची सगळी नावं होईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली.

बाहेर आल्यावर दोघी बसच्या रांगेत उभ्या राहिल्या. व्हर्लीनजवळ बोलायला पुष्कळ होतं, आयुष्यात पहिल्यांदाच ती बोलली नाही. आयव्हरीनच म्हणाली, "तू तर फक्त पलंग हलवायला सांगत होतीस."

"जाऊ दे आता, आयव्ही."

"तू नुसता पलंग म्हणत होतीस, व्हर्लीन. मी त्याचं काहीच जागेवर ठेवलं नाही गं."

बस आली. व्हर्लीनने तिला आधी चढवलं. मंगळवारी जहाज होतं, आणि आयव्हरीन कामावर गेली, कारण तो येऊन खोली न ओळखताच परत जाईल, ही भीती आता तिला उरली नव्हती.